जुन्या इंग्रजी जहाजी कागदांतले सोपे शब्द

प्रश्न असा आहे: १७९० ते १८३० या काळात मुंबईला ये-जा करणाऱ्या इंग्रजी जहाजांच्या रोजनिश्या आणि खलाशांची पत्रे मराठीत आणायची आहेत. इंग्रजी चांगले येते, कोश हाताशी आहे. तरी तयार होतात ती वाक्ये अशी: 'जहाजाने डोलकाठी वाहून नेली', 'आळशी माणसांना वर बोलावले', 'माणसे घोड्यावर उभी राहिली', 'मुख्य काठीला मासे लावले'. कुठे बिघडते?

सोप्या शब्दांपाशी बिघडते. 'बंटलाइन' किंवा 'मिझन' आले की वाचणारा आपोआप थांबतो आणि कोश उघडतो. 'कॅरी', 'मेक', 'हॉर्स', 'फिश', 'पीपल' यांच्यापाशी कोणी थांबत नाही, कारण ते शाळेपासून ओळखीचे असतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या डेकवर त्यांचा धंदा वेगळा होता.

आधी तुमची चार वाक्ये सोडवू. 'कॅरिड अवे हर फोरटॉपमास्ट' या वाक्यात जहाज कर्ता आहे, पण सोसणारेही तेच आहे. पुढच्या डोलकाठीवरची जोडकाठी मोडून गेली, एवढाच अर्थ. याच्या जवळचा शब्द 'स्प्रंग'. डोलकाठी 'स्प्रंग' असेल तर तिला तडा गेलेला असतो, पण ती अजून उभी असते. हा फरक कथेच्या दृष्टीने मोठा आहे, कारण तडकलेली काठी वाचवता येते. तिच्या भोवती लाकडाच्या लांब पट्ट्या घट्ट आवळून बांधतात, हाडाला खपच्या बांधाव्यात तशा. या पट्टीला 'फिश' आणि बांधण्याच्या कामालाही 'फिश' म्हणत. मासे तिथून आले.

'आयडलर' हा तर उलटाच शब्द. जहाजावरचा सुतार, शीड शिवणारा, पिंपवाला, स्वयंपाकी ही माणसे दिवसभर राबत आणि म्हणून रात्रीच्या पाळीतून सुटत. पाळीत नाव नाही म्हणून 'आयडलर'. म्हणजे जहाजावरचे सगळ्यात कुशल कारागीर. 'पाळीबाहेरचे कारागीर' असे लिहा आणि पुढे चला. 'हॉर्स' म्हणजे शिडाच्या आडव्या काठीखाली सैल बांधलेला दोर. शीड गुंडाळायला वर गेलेला माणूस पोटाने काठीवर रेलून याच दोरावर पाय रोवत असे. पुढे त्याला 'फुटरोप' हे नाव रुळले. मात्र 'सॉल्ट हॉर्स' दिसला तर तो दोर नाही, खारवलेल्या गोमांसाला खलाशांनी दिलेले ते नाव आहे.

अशा क्रियापदांची एक टोळीच आहे. 'मेक वॉटर' म्हणजे जहाज गळणे. 'मेक्स फोर इंचेस ॲन अवर' म्हणजे तळातले पाणी तासाला चार इंचांनी चढते आहे. 'स्पोक द ब्रिग' म्हणजे वाटेत दुसरे जहाज भेटले आणि हाकेच्या अंतरावरून विचारपूस झाली. 'रेझ्ड द लँड' म्हणजे जमीन क्षितिजावर दिसू लागली. 'स्टुड टु द नॉर्थ' म्हणजे उभे राहिले नाहीत, उत्तरेकडे निघाले. 'पे' म्हणजे फळ्यांच्या सांध्यात तापलेली राळ किंवा डांबर ओतणे. पण 'पे ऑफ' चे दोन अर्थ आहेत. वाऱ्यासमोरून जहाजाचे तोंड बाजूला वळले तरी 'पेड ऑफ', आणि सफर संपून माणसांचा हिशेब चुकता झाला तरी 'पेड ऑफ'. पहिले बहुधा खुल्या समुद्रात घडते, दुसरे बंदरात. जागा पाहिली की अर्थ कळतो.

'ओव्हरहॉल' वर जरा थांबावे लागेल. आज गॅरेजमध्ये इंजिन ओव्हरहॉल करतात तो अर्थ त्यातला एक. डेकवर मुळात कप्पीतून ओढलेला दोर उलट दिशेने सैल करणे, कप्प्या एकमेकींपासून लांब करणे, हे ओव्हरहॉल. त्यावरून सामान तपासणे आले. आणि तिसरा अर्थ पाठलागाचा: 'शी ओव्हरहॉल्ड अस फास्ट' म्हणजे ते जहाज वेगाने आम्हाला गाठू लागले. कर्म दोर आहे, माल आहे की जहाज, एवढे बघितले की निवाडा होतो.

'वेअर' आणि 'स्टे' ही जोडी कपड्यांची वाटते. दोन्ही वळण्याच्या तऱ्हा आहेत. वाऱ्याविरुद्ध जायचे तर शिडाचे जहाज नागमोडी जाते आणि प्रत्येक वळणावर वारा एका कुशीवरून दुसरीवर घ्यावा लागतो. तोंड वाऱ्यातून फिरवून वळणे म्हणजे 'इन स्टेज', पाठ वाऱ्यातून फिरवून वळणे म्हणजे 'वेअर', भूतकाळी 'वोअर'. पहिल्यात जागा कमी लागते, पण वेग कमी पडला तर जहाज मध्येच अडकते, मागे पडू लागते. ते 'मिस्ड स्टेज'. दुसऱ्यात वळण हमखास मिळते, पण जहाज वाऱ्याच्या दिशेने बरेच खाली घसरते. आता किनारा जवळ असेल तर दोन्हींत धोका. म्हणून रोजनिशीत 'मिस्ड स्टेज' हे दोन शब्द आले की पुढच्या चार ओळी नीट वाचा, कधी कधी नांगर टाकल्याची किंवा जहाज खडकावर गेल्याची नोंद असते.

'ली शोअर' इथेच समजून घेऊ. 'ली' म्हणजे वाऱ्यापासून आडोशाची बाजू, त्यामुळे अनुवादात 'आडोशाचा किनारा' असे लिहिले जाते आणि सगळा प्रसंग उलटा होतो. 'ली शोअर' म्हणजे जहाजाच्या ली बाजूला असलेला, अर्थात वारा ज्याच्याकडे ढकलतो आहे तो किनारा. कोकणची किनारपट्टी पावसाळ्यात नेमकी अशी असते: नैर्ऋत्येचा वारा, पूर्वेला खडक, परत फिरायला जागा नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवण्याची रीत ज्यांना माहीत आहे त्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 'वारा ज्यावर लोटतो तो किनारा' असे लिहिले तरी पुरते.

दिशांचे आणखी दोन खड्डे. वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचे नाव, प्रवाहाला तो जिकडे जातो त्या दिशेचे. 'वेस्टर्ली विंड' पश्चिमेकडून येतो, 'वेस्टर्ली करंट' पश्चिमेकडे जातो. दुसरा खड्डा सुकाणूच्या हुकमांचा. डाव्या बाजूला जुन्या काळी 'लार्बोर्ड' म्हणत. उजव्या बाजूच्या 'स्टारबोर्ड' शी घोटाळा होई म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली 'पोर्ट' हा शब्द पक्का केला. पण सुकाणूच्या हुकमात 'पोर्ट' त्याच्याही आधीपासून होता आणि तो सुकाणूच्या दांड्याला उद्देशून असे. दांडा डावीकडे ढकलला की जहाज उजवीकडे वळते. चाक आल्यावरही हुकूम तसाच राहिला. १९१२ मध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसताच 'हार्ड अ-स्टारबोर्ड' असा हुकूम सुटला आणि जहाज डावीकडे वळले. त्यात काही चूक नव्हती. ब्रिटिश जहाजांवर ही रीत १९३३ मध्ये बदलली. तुमच्या कागदांत 'पोर्ट द हेल्म' असेल तर जहाज उजवीकडे वळवा.

खोलीच्या नोंदी मला या सगळ्यांत सुंदर वाटतात, कारण त्यांत हातातला दोर दिसतो. शिशाचे वजन बांधलेल्या दोरावर २, ३, ५, ७, १०, १३, १५, १७ आणि २० वावांवर खुणा असत. दोन आणि तीनवर चामड्याच्या तेवढ्याच पट्ट्या, पाचवर पांढरे कापड, सातवर लाल, दहावर भोक पाडलेले चामडे. कापडाचे पोत वेगवेगळे, म्हणजे अंधारातही बोटांना कळावे. पाणी खुणेपाशी लागले तर ओरडायचे 'बाय द मार्क फाइव्ह'. खूण नसलेल्या आकड्याला अंदाजाने 'बाय द डीप फोर'. इथल्या 'डीप' चा खोल पाण्याशी संबंध नाही. 'खोल पाणी, चार' असा अनुवाद चुकतो. चार वाव म्हणजे २४ फूट, बऱ्याच जहाजांना तर ते उथळच. 'अ क्वार्टर लेस फाइव्ह' म्हणजे पावणेपाच, 'अँड अ हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच. मराठीत पावणे-सव्वा-साडे जसेच्या तसे बसतात. 'फॅदम' ला 'वाव' हा आपला शब्द वापराच; मापही तेच आहे, पसरलेल्या दोन हातांचे.

वेगाचा 'नॉट' म्हणजे खरोखरची गाठ. लाकडी फळी पाण्यात टाकून तिला बांधलेला दोर सोडायचा आणि वाळूचे घड्याळ संपेपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे. २८ सेकंदांच्या घड्याळाला गाठींत ४७ फूट ३ इंच अंतर ठेवले की हिशेब नेमका बसतो. पण अठराव्या शतकात ४२ फुटांच्या आणि ४८ फुटांच्या गाठीही चालत, वाळू दमट हवेत अडत असे आणि दोर भिजून आखडे. त्यामुळे जुन्या वेगावरून आजच्या नकाशावर अंतर मोजत बसू नका. जुन्या कागदांत 'नॉट्स ॲन अवर' असे लिहिलेले असते. ते 'सुधारण्याची' गरज नाही.

वाऱ्याची विशेषणेही तपासा. 'फ्रेश' म्हणजे ताजा नाही, जोराचा. 'गेल' म्हणजे नेहमीच वादळ नाही. जुन्या लेखनात मंद वाऱ्यालाही 'जेंटल गेल' म्हटलेले सापडते. फ्रान्सिस बोफर्टने आपली वाऱ्याची मोजपट्टी १८०६ च्या सुमारास मांडली आणि नौदलाने ती १८३८ मध्ये लागू केली. तुमचा काळ ती लागू होण्याच्या आधीचा, म्हणून आकडे घालू नका. शिडे किती उतरवली ते पाहून जोर ठरवा. वरची सगळी शिडे चढवलेली असतील आणि 'गेल' लिहिले असेल, तर ते वादळ नव्हे.

तारखांबद्दल मात्र कडक राहा, कारण इथली चूक वाचकाला दिसत नाही आणि इतिहास बिघडतो. समुद्रावरचा दिवस दुपारी बारा वाजता सुरू होई आणि तो जमिनीवरच्या दिवसाच्या बारा तास पुढे चाले. सोमवार २१ ऑक्टोबर १८०५ च्या दुपारी ट्रफाल्गरची लढाई झाली. समुद्री गणतीत ती दुपार मंगळवार २२ मध्ये पडते. ब्रिटिश नौदलाने ही पद्धत त्याच महिन्यात रद्द केली, पण व्यापारी जहाजांवर ती नंतरही चालू राहिली. ओळखायची खूण सोपी: दिवसाच्या नोंदीत आधी दुपार-रात्र आणि मग सकाळ असा क्रम असेल तर समुद्री दिवस. मग दुपारपासून मध्यरात्रीपर्यंतच्या नोंदींची तारीख एकाने मागे घ्या, त्यानंतरची तशीच ठेवा. घंटांचेही तसेच. दर अर्ध्या तासाला एक टोला वाढतो, आठ टोले झाले की चार तासांची पाळी संपते. 'सेव्हन बेल्स' म्हणजे सात वाजले नाहीत. सकाळच्या पाळीत ते साडेसात असतात, दुपारपूर्वीच्या पाळीत साडेअकरा. संध्याकाळी चार ते आठ ही पाळी मोडून दोन-दोन तासांच्या दोन 'डॉग वॉच' करत, म्हणजे दिवसाच्या पाळ्या सात होत आणि रोज त्याच माणसांवर तीच रात्र येत नसे.

आता माणसे. 'द पीपल' म्हणजे जनता नाही, साधे खलाशी. 'मास्टर' हा मालक किंवा गुरुजी नाही. युद्धनौकेवर तो मार्ग ठरवणारा अधिकारी, व्यापारी जहाजावर मात्र तोच कप्तान. 'बॉय' हा दर्जा आहे, वयाची नोंद नाही. 'कॅप्टन ऑफ द फोरटॉप' हा त्या डोलकाठीवरच्या टोळीचा मुकादम. आणि 'कॅप्टन ऑफ द हेड' म्हणजे शौचकूप धुणारा, कारण 'हेड' म्हणजे जहाजाच्या नाळेकडची ती जागा. याला 'कप्तान' लिहिलेला अनुवाद छापून गेला तर हसे होते. 'मेस' म्हणजे एकत्र जेवणारी सहा-आठ जणांची पंगत; 'लॉस्ट द नंबर ऑफ हिज मेस' म्हणजे तो मेला. 'कंट्री शिप' म्हणजे गावठी जहाज नाही. हिंदुस्थानात नोंदलेले, आशियातल्या बंदरांत व्यापार करणारे जहाज, बहुतेकदा सागवानी. 'देशी व्यापारी जहाज' असे म्हणा.

इथे मराठी माणसाला उलट फसवणारा एक शब्द आहे. कोकणात तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. इंग्रजी जहाजावरच्या लष्करांत, म्हणजे हिंदी खलाशांत, सारंग प्रमुख आणि 'टिंडल' त्याच्या हाताखालचा. शब्द एकच, दर्जा वेगळा. 'तांडेल' लिहा, पण पहिल्या ठिकाणी तळटीप द्या. या खलाशांच्या मिश्र बोलीचा कोश टॉमस रोबकने १८११ मध्ये कलकत्त्यात छापला. त्यातून अशा जोड्या सापडतात.

हजेरीपटातल्या खुणा नुसत्या अक्षरांच्या असतात. 'आर' म्हणजे 'रन', पळून गेला. 'डी' म्हणजे सोडला, पुढे कोणत्या जहाजावर ते लिहिलेले असते. 'डीडी' म्हणजे 'डिस्चार्ज्ड डेड', मेला. 'रन' चे 'धावला' करणारे अनुवाद आहेत, म्हणून सांगितले. युद्धनौकेच्या पटावर 'विडोज मेन' दिसतील. ही माणसे नव्हतीच: शंभरामागे दोन खोटी नावे धरून त्यांचा पगार विधवांच्या फंडात जाई. माणसांची संख्या मोजताना ती वजा करा. १७९७ च्या आधीच्या कागदांत 'पर्सर्स पाउंड' दिसला तर सोळा औंस धरू नका, चौदा धरा; दोन औंस नासाडीच्या नावाने कोठारवाल्याचे. 'स्लॉप्स' म्हणजे त्याच कोठारातले तयार कपडे.

पत्रांतली चोरबोली हे वेगळेच प्रकरण आहे. तिथे दोन साधने कामाची: फ्रान्सिस ग्रोसचा १७८५ चा बाजारू बोलीचा कोश आणि जेम्स हार्डी वॉ या कैद्याने १८१२ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये केलेली चोरांच्या बोलीची शब्दसूची. ग्रोसमध्ये 'अकॅडमी' म्हणजे कुंटणखाना, 'ॲबेस' म्हणजे त्याची मालकीण आणि 'फ्लोटिंग अकॅडमी' म्हणजे सक्तमजुरीचे कैदी ठेवलेली गलबते. खलाशाने बहिणीला 'मी तरंगत्या अकॅडमीत आहे' असे लिहिले असेल तर तो शिकत नाही. 'मरीन ऑफिसर' म्हणजे रिकामी बाटली. जहाजावरचे शिपाई निरुपयोगी, हा खलाशांचा टोमणा. 'डेड मेन' म्हणजेही रिकाम्या बाटल्या, पण डेकवर तोच शब्द शीड गुंडाळल्यावर गबाळेपणाने लोंबत राहिलेल्या दोरांच्या टोकांना. मुकादम 'वर डेड मेन दिसताहेत' म्हणून ओरडला तर कोणी मेलेले नाही. वॉच्या सूचीत 'प्लांट' म्हणजे लपवणे, 'फेन्स' म्हणजे चोरीचा माल घेणारा, 'चम' म्हणजे तुरुंगातला सोबती, 'किड' म्हणजे पोर, त्यातही लहानपणीच चोरीला लागलेले.

ग्रोस जपून वापरा. त्याला विनोदाची आवड होती आणि एकदोघांनी केलेली कोटीही त्याने शब्द म्हणून नोंदली. तो १७९१ मध्ये वारला, तेव्हा १८११ ची आवृत्ती इतरांनी वाढवलेली आहे. पोलिसाला 'पिग' हा अर्थ त्या आवृत्तीत मिळतो. माझा नियम असा: साधा अर्थ वाक्यात बसत असेल तर चोरबोलीचा अर्थ घालू नये. साधा अर्थ बसत नसेल आणि त्याच पत्रात आणखी एखादा चोरबोलीचा शब्द असेल, तरच कोश उघडावा. जहाजी शब्दांना क्रम उलटा: आधी विल्यम फाल्कनरचा १७६९ चा नौकाकोश, मग ॲडमिरल स्मिथचा १८६७ चा, आणि शेवटी ऑक्सफर्ड कोश, तोही उदाहरणांची वर्षे पाहण्यासाठी. स्मिथ मागे वळून लिहितो, त्यामुळे त्याचा अर्थ तुमच्या काळी होता याची खात्री फाल्कनरवरून करावी. कठीण प्रसंग असेल तर कागदावर बाण काढून वारा, जहाज आणि किनारा मांडा. अर्धी कोडी चित्रातच सुटतात.

व्युत्पत्तींच्या गोष्टी तळटिपेत घालण्याचा मोह होईल. काही खऱ्या आहेत. 'बाय अँड लार्ज' (एकंदरीत) खरेच जहाजी: 'बाय' म्हणजे वाऱ्याला भिडून, 'लार्ज' म्हणजे वारा मागून घेऊन, आणि दोन्हींत नीट चालणारे जहाज चांगले. १६६९ पासून पुरावा आहे. 'टेकन अबॅक' (चकित झालेला) खरे: वारा अचानक समोरून येऊन शिडे डोलकाठीवर उलटी चिकटणे. 'थ्री शीट्स इन द विंड' (दारूने झिंगलेला) मधली 'शीट' म्हणजे चादर नाही आणि शीडही नाही. शिडाचा खालचा कोपरा धरून ठेवणारा दोर. ते दोर सुटले की शिडे फडफडतात आणि जहाज झिंगते. 'बिटर एंड' (अगदी शेवट) अर्धे खरे: नांगराच्या दोराचे जहाजात खुंटांपाशी राहणारे टोक या अर्थाने ते १६२७ मध्ये सापडते, पण बायबलमधल्या कडू शेवटाचाही दावा आहे. 'द डेव्हिल टु पे' (पुढे मोठे संकट) मात्र राळ ओतण्यावरून आलेले नाही. सैतानाशी केलेल्या सौद्याचा तो वाक्प्रचार जुना, खलाशांनी त्याला मागाहून सांध्याची कोटी जोडली. कडाक्याच्या थंडीसाठी इंग्रजीत 'ब्रास मंकी'चा वाक्प्रचार आहे; 'पितळी माकड' नावाची तोफगोळ्यांची थाळी असे आणि थंडीत तिच्यावरचे गोळे गडगडत, ही त्यामागची गोष्ट बनावट. गोळे लाकडी चौकटींत खाचांमध्ये ठेवत.

आणि मुंबईचे नाव घेऊन फिरणारी दंतकथा: 'पॉश' म्हणजे पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर जाताना डावीकडची, येताना उजवीकडची, सावलीची खोली. असा शिक्का मारलेले एकही तिकीट कधी सापडलेले नाही. त्याआधी चोरबोलीत 'पॉश' म्हणजे अर्धी पेनी, पैसा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला छानछोकीत राहणारा माणूस हा अर्थ कोशात आलेला आहे. ही तळटीप गाळा.

तिच्या जागी 'बॅनियन डे' घाला, तो पक्का आपल्या बाजूचा आहे. ब्रिटिश नौदलात सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी मांस मिळत नसे, त्या दिवसांना हे नाव मांस न खाणाऱ्या वाण्यांवरून पडले. १६८९ मध्ये इकडे आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन सांगतो की या भागात युरोपी खलाशांना आठवड्यातून एकदोनदा खिचडीवर राहावे लागे आणि त्यांना त्या दिवसांचा मनस्वी तिटकारा होता. 'वाण्याचा वार' असे लिहा. 'डंगरी' आली तर तेही मुंबईतल्या डोंगरीचे जाडेभरडे कापड आहे. फक्त तुमच्या काळात ते कापडच समजा. त्या नावाची विजार नंतरची.